खानावळ वाढवण्याचा अर्ज

तुमच्या फोनवर हल्ली हॉटेलांच्या बातम्या फार असतात. कोपऱ्यावरचं इटालियन बंद पडलं, त्या जागी कोरियन आलं, कोरियनच्या जागी आता केस कापायचं दुकान येणार आहे, आणि याचं तुम्हा दोघांना दुःख झालं आहे. धाकटीने परवा विचारलं, "आजी, तुमच्या बीडला अशी रेस्टॉरंटं बंद पडायची का?" मी "हो" म्हणाले. ते उत्तर अपुरं होतं, म्हणून आता नीट लिहिते.

आधी शब्दांचं. बीडमध्ये हॉटेल म्हणजे जिथे चहा आणि भजी मिळतात ती जागा. जिथे झोपायला मिळतं ते लॉज. जिथे पोटभर जेवण मिळतं ती खानावळ. रेस्टॉरंट हा शब्द फक्त पाटीवर असे आणि तिथेही बहुतेक वेळा चुकलेला असे. मी हैदराबादला इंग्रजी शाळेत शिकलेली. लग्न होऊन बीडला आले आणि मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवू लागले. त्यामुळे पाट्या रंगवणारा पेंटर माझ्याकडे स्पेलिंग विचारायला येई. नीट विचारून, कागदावर उतरवून घेऊन जाई आणि भिंतीवर मावेल तेवढंच लिही. स्टँडसमोर पुष्कळ वर्षं एक 'रेस्टॉर' होतं. पुढच्या अक्षरांच्या आधी भिंत संपली होती.

हॉटेल उघडण्याची पद्धत ठरलेली होती. सकाळी सत्यनारायण, मग कुठल्यातरी सोसायटीच्या चेअरमनच्या हस्ते फीत कापायची, मग सगळ्यांना चहा फुकट. त्या दिवशी सगळा मोहल्ला येई. दुसऱ्या दिवशी मालक एकटाच बसलेला असे. बंद होण्याला मात्र काही पद्धत नव्हती. एक दिवस जाताना दिसायचं की भट्टी थंड आहे आणि तिच्या राखेत कुत्रं झोपलं आहे. कुत्रं तीन-चार दिवस हललं नाही की आम्ही समजायचो.

तुमच्याकडे हॉटेलं कशामुळे बंद पडतात ते मला माहीत नाही. आमच्याकडे पाण्यामुळे पडत. गिऱ्हाईक बसलं की आधी त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास आला पाहिजे, काय हवं ते नंतर विचारायचं, ही रीत होती. कित्येक माणसं पाणी पिऊन, चेहरा पुसून, तशीच उठून जात आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे. त्यामुळे दुष्काळ आला की हॉटेलांत तो क्रमाने दिसायचा. आधी ग्लास जाऊन तांब्या यायचा, कारण वरून प्यायलं की तांब्या धुवावा लागत नाही. मग बशी जायची. मग ताटांच्या जागी पत्रावळी यायच्या. शेवटी भिंतीवर खडूने लिहिलेलं असायचं : पाणी मागू नये. ज्या हॉटेलात हे लिहिलं गेलं ते आठवड्याभरात बंद पडायचं. आमच्या शाळेचा शिपाई म्हणायचा, "पाणीच मागायचं न्हाई, तर बसायचं कावून?"

मी सांगते आहे तो दुष्काळ बहात्तरचा नव्हे, त्यानंतरचा. मला शाळेत लागून दहा-बारा वर्षं झाली होती. नळ पंधरवड्यातून एकदा यायचा, आणि आला की आधी शिट्टीसारखा आवाज करायचा. कपिलधारला जाऊन आलेले लोक सांगत की तिथला धबधबा म्हणजे आता नुसती ओली भिंत आहे. आमच्या घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर, मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, कडेला एका सहकारी संघाची गाळ्यांची ओळ होती. संघ बी-बियाणं आणि खत विकायचा. त्या वर्षी कोणी बी विकत घेत नव्हतं, आणि गाळ्यांतली हॉटेलं एकामागून एक बंद पडत होती. उन्हाळा लागला तेव्हा त्या ओळीत एकच चूल पेटत होती. ती खानावळवाल्या मावशींची.

त्यांना सगळे मावशी म्हणत. त्यांच्यापेक्षा वयाने मोठे असलेले एक रिटायर्ड तलाठीही मावशीच म्हणत आणि जास्तीचा कांदा मागत. मावशी धनगर घरातल्या. सासर सिरसाळ्याच्या बाजूला. घरात मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन आणि एक थोरली जाऊ. अकरा वर्षांपूर्वी त्या जावेने पाहुण्यांसमोर म्हटलं होतं, "आमच्या धाकटीला आमच्यापेक्षा दोन भाकरी जास्त लागत्यात." पाहुणे हसले. मावशी उठल्या, ताटातलं तसंच ठेवलं आणि म्हणाल्या, "या घरात आता घास घेणार न्हाई." जाऊ म्हणाली, "भूक लागली की येशील."

मावशी नवऱ्याला घेऊन बीडला आल्या आणि त्यांनी खानावळ काढली. कुणी किती भाकरी खाव्यात यावर त्यांच्या खानावळीत बंधन नव्हतं. ही एवढी एक गोष्ट बाजूच्या सगळ्या खानावळींना जड जात असे. सासरशी त्यांनी संबंध तोडले नव्हते. लग्नाकार्याला, पोळ्याला त्या गावी जात, सगळं काम करत आणि पंगत बसली की मागच्या दारात जाऊन स्वतःची बांधून नेलेली भाकरी खात. अकरा वर्षं. म्हणजे खानावळ बंद पडली तर काय होणार हे त्यांना, त्यांच्या जावेला आणि आमच्या सगळ्या गल्लीला माहीत होतं. दुसरीकडे कुठे जायला जागा नव्हती. त्या घरी जाऊन, त्या चुलीसमोर, त्या जावेने वाढलेलं खावं लागणार होतं.

एक दिवस मधल्या सुट्टीत मावशींचे मालक शाळेच्या व्हरांड्यात येऊन उभे राहिले. नवऱ्याला आमच्याकडे मालक म्हणतात. खानावळीत त्यांच्या मालकीचं काहीही नव्हतं, हे तेही मान्य करत. दुसऱ्या दिवशी भावाची मेंढरं घेऊन ते गंगथडीला निघणार होते, नदीकाठी थोडा चारा होता म्हणून. गल्लीतले सगळे अर्ज मीच लिहीत असे. माझं अक्षर चांगलं होतं आणि मी शुद्धलेखन तपासून देत असे.

"बाई, कारभारीण म्हणती, खानावळ वाढवायची हाय. संघाला अर्ज लिव्हून द्या."

"या दिवसांत?" मी विचारलं.

"या दिवसांतच. म्होरं जमायचं न्हाई."

"विचार पक्का आहे ना त्यांचा?"

"तिचा पक्काच असतोय. मला कोण इचारतंय?"

मला मावशींचं फार कौतुक वाटलं. सगळी ओळ ओस पडली आहे आणि ही बाई खानावळ वाढवायला निघाली आहे. मी चांगला कागद घेतला. समास सोडला. 'खानावळीचा विस्तार करण्यास परवानगी मिळणेबाबत' असा विषय घातला आणि खाली, त्यांनी सांगितलेली नसताना, तीन कारणं दिली. बाहेरगावाहून येणाऱ्या लोकांची जेवणाची गैरसोय होत आहे. संघाचे इतर गाळे रिकामे आहेत. आणि अडचणीच्या काळात जो उद्योग विस्तारतो त्याला साहाय्य करणे हे सहकाराचे तत्त्व आहे. तिसरं कारण मला इतकं आवडलं की ते मी वर घेऊन कागद पुन्हा लिहिला. मावशी फक्त सही करू शकत, वाचू शकत नसत. मालकांनी सही आणली, कागद संघाच्या कचेरीत दिला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ते मेंढरांबरोबर गेले.

पुढचे काही दिवस जाता-येता मला खानावळीत आवराआवर दिसे. पातेली पोत्यात भरली जात होती. फडताळ रिकामं होत होतं. रंग द्यायचा असेल, असं मी समजले. एकदा थांबून म्हणाले, "मावशी, तयारी जोरात दिसते."

"व्हय बाई," त्या म्हणाल्या. "आता काय ऱ्हायलंय." आणि त्यांनी पदराने डोळे पुसले.

मला वाटलं, धुराने. चूल विझलेली होती, हे माझ्या लक्षात घरी गेल्यावर आलं, पण त्यावरून मी काही निष्कर्ष काढला नाही.

त्याच आठवड्यात संघाची वार्षिक सभा झाली. तुमचे आजोबा सभासद होते म्हणून गेले होते. परत आले ते चपला न काढताच आत आले.

"तुझं मराठी ऐकलं आज," ते म्हणाले. "लोकांनी टाळ्या वाजवल्या."

झालं होतं असं. विरोधी पॅनलचे लोक उभे राहून ओरडत होते की या चेअरमनच्या काळात संघाचे गाळे ओस पडले. चेअरमनसाहेबांसमोर अर्जांचा गठ्ठा होता. सगळे अर्ज गाळे सोडण्याचे. त्यात एकच अर्ज वेगळा निघाला. तो त्यांनी उभं राहून, चष्मा लावून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. सहकाराच्या तत्त्वाची ओळ त्यांनी दोनदा वाचली. मग तिथल्या तिथे ठराव झाला. मावशींना शेजारचा गाळा द्यायचा, मागच्या हौदासकट. संघाचा टँकर आला की तो हौद भरायचा, आणि टँकरच्या ड्रायव्हरांनी जेवायचं मावशींकडे.

"फार छान झालं," मी म्हणाले. "खानावळ वाढवायची असं त्या म्हणतच होत्या."

तुमचे आजोबा माझ्याकडे बघत राहिले. "काय म्हणत होत्या?"

"खानावळ वाढवायची आहे."

ते झोपाळ्यावर बसले. मग म्हणाले, "अगं, त्या बंद करायची म्हणत होत्या."

तुमच्या पिढीसाठी हे समजावून सांगायला हवं. माझ्यासाठीही तेव्हा सांगावं लागलं. दुकान बंद केलं असं दुकानदार म्हणत नाहीत. बंद हा शब्द अशुभ. रोज संध्याकाळी दार लावायचं असलं तरी 'दुकान वाढवलं' म्हणायचं, आणि कायमचं मिटवायचं असलं तरी वाढवलंच म्हणायचं. बांगडी फुटली की वाढते, मंगळसूत्र तुटलं की वाढतं, हे मला माहीत होतं. पण आमच्या माहेरी नोकरदार माणसं, घरात दुकान नव्हतं, म्हणून दुकानाचे शब्दही नव्हते. आणि बीडची दुकानं वाढायच्या वेळी मी घरी वह्या तपासत असे. खानावळीत माणसांना वाढतात एवढं मला ठाऊक होतं. खुद्द खानावळही वाढते, हे कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी आमच्याकडे आल्या. हातात संघाचं पत्र होतं. ते त्यांनी आधीच कुणाकडून तरी वाचून घेतलं होतं आणि तरीही माझ्यापुढे धरलं. "बाई, आता तुमी वाचा."

मी वाचलं.

"तेनं बी असंच वाचलं," त्या म्हणाल्या. "म्हणलं, त्याला वाचाया येत नसंल."

मी त्यांना माझी चूक सांगितली. पहिल्यापासून, क्रमाने, काही न लपवता सांगितली. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी मी म्हणाले, "मी आत्ता दुसरा अर्ज लिहून देते. पहिला चुकून गेला, असं स्पष्ट लिहिते. जबाबदारी माझी."

"पहिल्यावर सही कुणाची हाय?"

"तुमची."

"मग चूक माजी झाली. तुमची कशी?" त्या पत्राकडे बघत म्हणाल्या. "हौद भरणार म्हणत्यात का?"

"टँकर येईल तेव्हा."

"आन् डायवर जेवणार."

"हो."

त्यांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाल्या, "पातेली गेली की वो गावाकडं. परवाच्या यष्टीनं धाडली. थोरलीनं उतरून घेतली आसतील. चूल सारवून बसली आसंल माज्यासाटी." आणि पहिल्यांदाच त्या हसल्या. ते हसू फार चांगलं नव्हतं. "दुसरा अर्ज लिव्हू नका. तिला निरोप धाडा. पातेली परत पाठव म्हणावं."

तरी माझं मन मानेना. मी संघाच्या कचेरीत गेले आणि चेअरमनसाहेबांना भेटून सगळा प्रकार सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, माझ्यासाठी चहा मागवला आणि म्हणाले, "बाई, तो अर्ज सभेत वाचून झालाय. इतिवृत्तात आलाय. आता तो खराच हाय." चहा अर्धा कप होता. मी तो पिऊन घरी आले.

उद्घाटन पुढच्या गुरुवारी झालं. भांडी आमच्या घरची आणि शेजारची. पाटीवर पेंटरने 'विस्तारित खानावळ' असं लिहिलं. यावेळी भिंत पुरली, कारण आता दोन गाळ्यांची भिंत होती. फीत कापून चेअरमनसाहेब बोलायला उभे राहिले. लोक खूप आले होते. एवढे लोक मोंढ्यात मी त्या वर्षी पाहिले नव्हते. ते बाकांवर बसत, पुढे आलेलं पाणी पीत, उठत, आणि मागचे बसत. सहकाराच्या तत्त्वाबद्दलचं भाषण संपेपर्यंत हौद निम्म्यावर आला. मावशींनी ग्लास बंद करून तांब्या आणला नाही. मी तसं सुचवून पाहिलं. त्या म्हणाल्या, "बसल्या माणसाला पाणी न्हाई दिलं तर माजी खानावळ आन् त्या बाकीच्यांची, फरक काय ऱ्हायला?" फक्त उभ्या माणसाला द्यायचं नाही, एवढा नियम त्यांनी केला. त्यानंतर बीडमध्ये मी कुणाला उभ्याने तहान लागलेली पाहिली नाही.

ड्रायव्हर मात्र खरोखर जेवायला येऊ लागले. पिठलं, येसराची आमटी, ठेचा, भाकरी. पोटभर खात आणि पुढच्या खेपेचा पाइप आपण होऊन हौदात सोडत. खानावळ चालली. ती पुढे पुष्कळ वर्षं चालली, आणि बंद झाली ती एका उत्तम पावसाच्या वर्षी, संघाला खतं ठेवायला जागा हवी होती म्हणून. पण ते फार नंतरचं.

पातेल्यांचा निरोप गावी पोचला होता, पण पातेली येईनात. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी मावशींकडे मालकांचं पत्र वाचून दाखवायला गेले. गंगथडीला कुणाकडून तरी त्यांनी ते लिहवून घेतलं होतं. मेंढरं बरी आहेत आणि खानावळ वाढवून तू गावी पोचली असशील, असं त्यात होतं. अडीच वाजले होते. ड्रायव्हर जेवून गेले होते. मावशी स्वतःसाठी शेवटच्या भाकरीचं पीठ मळत होत्या. तेवढ्यात दारात एक उंच, वाळलेली बाई डोक्यावर पोतं घेऊन उभी राहिली. पोत्यातून पातेल्यांचा आवाज आला. मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं, तरी ती कोण हे विचारावं लागलं नाही.

"कंडक्टरवर इस्वास न्हाई माजा," थोरली जाऊ म्हणाली. "म्हणून सोता आले."

मावशींनी पोतं उतरवून घेतलं. जाऊ बाकावर टेकली आणि मावशींनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. ती प्याली. मावशींनी दुसरा भरला. तो प्याली. तिसरा तिने हातात धरून ठेवला आणि मागच्या दारातून दिसणाऱ्या हौदाकडे बघितलं.

"एवढं पानी?"

"संघाचं हाय."

"आपल्या हिरीत उतरून वाटीनं भरावं लागतंय." मग ती माझ्याकडे वळली. "ह्याच का त्या अर्जवाल्या बाई?"

मी हो म्हटलं. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"जेवून जा," मावशी म्हणाल्या.

"नगं. चारची यष्टी हाय."

"मग बस तवर."

मावशींनी पिठाचा गोळा परातीत घेतला आणि थापायला सुरुवात केली. जाऊ बघत होती. दोन-चार थापांनंतर ती उठली, आत गेली आणि म्हणाली, "सरक. सकाळपासून थापतीस. मनगट बघ किती सुजलंय."

मला वाटलं, आता काहीतरी होणार. मावशी सरकल्या. जावेने हाताला पाणी लावलं, गोळा पुन्हा मळला, भाकरी थापून तव्यावर टाकली. भाकरी फुगली. जावेने ती उलटली, निखाऱ्यावर धरली, आणि मावशींच्या ताटात टाकली. डब्यातलं आणखी पीठ मळून दुसरी भाकरी थापायला घेतली. मग तिसरी. तिन्ही एकावर एक ठेवल्या.

"खा," ती म्हणाली.

मावशी ताटाकडे बघत बसल्या. मी मोजून सांगू शकत नाही, पण तेवढ्या वेळात तवा पार थंड झाला.

मग त्यांनी पहिली भाकरी उचलली, उलटीसुलटी करून पाहिली, कड मोडली आणि तोंडात टाकली.

"पिठात पानी लई झालंय," त्या म्हणाल्या.

"तुज्याकडं हाय म्हणून घातलं," जाऊ म्हणाली.

मावशींनी दुसरा घास घेतला. चारची यष्टी गेली. पुढची सहाला होती.